आकडेमोडीची शाळा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आज मॅटलॅब, ऑक्टेव्ह किंवा सायलॅब यांपैकी एखादी प्रणाली उघडून संगणकाला प्रथमच काही सांगू पाहतो, तेव्हा त्याच्याकडून फारशी पूर्वतयारी मागितली जात नाही. चौकटी कंसात आकडे लिहावेत, एक ओळ संपली की अर्धविराम द्यावा, एंटरची कळ दाबावी, की आडव्या ओळींचा आणि उभ्या स्तंभांचा मॅट्रिक्स समोर हजर होतो. त्यापुढे बॅकस्लॅशचे एक चिन्ह आणि उजव्या बाजूच्या संख्यांचा एक स्तंभ लिहिला, की त्या मॅट्रिक्सने दर्शविलेली एकसामयिक समीकरणे सुटून उत्तर पुढच्याच ओळीत उमटते. चलाचा प्रकार आधी जाहीर करावा लागत नाही, स्मृतीत किती जागा राखून ठेवायची याचा हिशेब द्यावा लागत नाही, आणि चूक झालीच तर ती त्याच क्षणी दाखविली जाते. ज्यांच्या शिक्षणाचा श्रीगणेशाच या सुखसोयीत झाला त्यांना ती इतकी स्वाभाविक वाटते, की तिलाही काही इतिहास असेल, आणि तो बव्हंशी शिक्षकांनी आपल्या वर्गातील अडचणीपायी घडविलेला असेल, हे सहसा मनात येत नाही. वास्तविक या प्रणालींची वंशावळ शोधत मागे गेले असता प्रत्येक वळणावर एखादा अध्यापक भेटतो, आणि त्याला सतावणारा प्रश्नही बहुधा एकच असतो: विद्यार्थ्याने ज्या विषयासाठी नाव घातले आहे त्या विषयापर्यंत तो पोचावा कसा?

ही अडचण किती खरी होती हे कळण्यासाठी त्यापूर्वीचा शिरस्ता पाहिला पाहिजे. १९५७ साली आय. बी. एम. कंपनीने फोरट्रान ही भाषा प्रचारात आणली आणि पुढील दोन दशके शास्त्रीय आकडेमोडीचा सारा कारभार तिच्याच हाती राहिला. भाषा म्हणून ती आपल्या काळाच्या मानाने उदारच होती, कारण यंत्राच्या अंतरंगातील सांकेतिक हुकूम तोंडपाठ करण्याच्या सक्तीतून तिने शास्त्रज्ञाला मोकळे केले होते. परंतु तिचा रिवाज मात्र कडक होता. प्रोग्रामची प्रत्येक ओळ एकेका पंच कार्डावर छिद्रांच्या रूपाने उतरवावी लागे. कार्डावर ८० स्तंभ. त्यांतील पहिले पाच विधानाच्या क्रमांकासाठी राखीव, सहावा हा मागील ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी, आणि प्रत्यक्ष मजकूर सातव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंतच मुक्रर. आय पासून एन पर्यंतच्या अक्षरांनी ज्याच्या नावाचा आरंभ होतो तो चल पूर्णांकी समजायचा, बाकीचे अपूर्णांकी, असाही एक नियम होता, आणि तो विसरल्यामुळे कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देणारे प्रोग्राम त्या पिढीतील प्रत्येकाच्या स्मरणात असतील. कार्डांचा गठ्ठा संगणक-केंद्राच्या खिडकीत दाखल करायचा, पाळी येण्याची वाट पाहायची, आणि मग कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, हाती पडलेल्या लांबलचक कागदावर उत्तराऐवजी एखाद्या गाळलेल्या स्वल्पविरामाची वार्ता वाचायची, हा क्रम जगातील सर्व विद्यापीठांत थोड्याफार फरकाने सारखाच होता.

आपल्याकडेही तो तसाच होता, किंबहुना यंत्रे मोजकी असल्यामुळे अधिक काटेकोर होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याच संस्थेत १९६४ साली सी. डी. सी. ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला. पवईच्या आय. आय. टी.त सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क होता. कानपूरच्या आय. आय. टी.त १९६३ साली आय. बी. एम. १६२० दाखल झाला, आणि तेथे अध्यापन करणाऱ्या प्रा. व्ही. राजारामन यांची फोरट्रानवरील स्वस्त आणि सुबोध पुस्तके पुढे देशभरातील महाविद्यालयांत पोचली. प्रत्यक्ष यंत्राचे दर्शन न घडता केवळ त्या पुस्तकांवरून कागदावर प्रोग्राम लिहायला शिकलेले विद्यार्थी या देशात थोडेथोडके नव्हते. त्या शिक्षणाने एक काळजीपूर्वक लिहिण्याची सवय लावली हे मान्य केलेच पाहिजे. एका चुकीची किंमत एक दिवस असेल तर मनुष्य दहादा वाचून मगच कार्ड छिद्रित करतो. परंतु पुलाच्या कैच्यांवरील भार किंवा विद्युत्मंडलातील प्रवाह काढण्यासाठी बसलेल्या विद्यार्थ्याचे सगळे सत्र कार्डांच्या गठ्ठ्यात जाई आणि मूळ प्रश्न बाजूला राही, हेही तितकेच खरे.

आता या कथेचा दुसरा धागा हाती घेतला पाहिजे, कारण बॅकस्लॅशचे ते चिन्ह ज्या विद्येच्या आधारावर उभे आहे ती विद्या वर्गात जन्मलेली नाही. ती इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, जेम्स विल्किन्सन या गणितज्ञाच्या दीर्घ परिश्रमांतून सिद्ध झाली. विल्किन्सन १९४६ साली तेथे आले ते अॅलन ट्युरिंग यांच्या हाताखाली संगणक बांधण्याच्या कामावर. यंत्र अजून कागदावरच होते, अशा वेळी प्रयोगशाळेच्या गणित विभागाकडे १८ एकसामयिक समीकरणांचा एक संच सोडविण्यासाठी आला, आणि फॉक्स, गुडविन, ट्युरिंग व विल्किन्सन या चौघांनी मिळून तो मेजावरच्या गणनयंत्रांवर निरसनाच्या पद्धतीने सोडविला. शेकडो गुणाकार-भागाकारांत प्रत्येक वेळी शेवटचे अंक सोडून द्यावे लागत असल्याने चुका साठत जाऊन उत्तर निरर्थक ठरेल, अशी धास्ती त्या वेळी मोठमोठ्या गणितज्ञांना होती. परंतु मिळालेले उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहता ते अनपेक्षित इतके चोख निघाले. असे का व्हावे, या प्रश्नाने विल्किन्सन यांना पुढची वीस वर्षे कामाला लावले, आणि यंत्राने दिलेले उत्तर हे विचारलेल्या प्रश्नाचे नसले तरी त्याच्या अगदी निकटच्या एखाद्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर असते, ही जी दृष्टी त्यांनी दिली ती या शास्त्राचा पाया ठरली. १९६३ आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन ग्रंथांत तिचे सविस्तर विवेचन आहे. १९७० साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

निकटच्या प्रश्नापर्यंत पोचण्याचे हे काम आपोआप होत नाही, पद्धत निवडावी लागते, हे एका लहानशा उदाहरणाने दाखविता येते, आणि ते उदाहरण या शास्त्राच्या अध्यापनात पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे. समजा, दोन समीकरणे आहेत: पहिले, ०.०००१ क्ष + य = १; दुसरे, क्ष + य = २. उत्तर उघड आहे. क्ष हा १ पेक्षा किंचित अधिक, य हा १ पेक्षा किंचित उणा. आता असे यंत्र कल्पावे की जे कोणत्याही संख्येचे केवळ तीन सार्थ अंक जपून ठेवते. शाळेत शिकविल्याप्रमाणे पहिल्या समीकरणाला १०,००० ने गुणून ते दुसऱ्यातून वजा केले, तर य चा सहगुणक −९,९९९ आणि उजवी बाजू −९,९९८ येते; परंतु तीन अंकांच्या त्या यंत्राच्या लेखी दोन्ही संख्या −१०,००० च, तेव्हा य = १, आणि तो पहिल्या समीकरणात घातला की क्ष = ०. हे उत्तर दुसऱ्या समीकरणात घालून पाहावे: बेरीज २ यायला हवी ती १ येते. रीत तीच, गणितही तेच, आणि उत्तर मात्र साफ चुकीचे. याउलट निरसन आरंभण्यापूर्वी समीकरणांची केवळ अदलाबदल केली, म्हणजे ज्यात क्ष चा सहगुणक मोठा आहे ते समीकरण वर घेतले, तर त्याच तीन अंकांच्या यंत्रावर य = १ आणि क्ष = १ असे अपेक्षेप्रमाणे उत्तर येते. प्रत्येक पायरीवर सर्वांत मोठा सहगुणक शोधून ती ओळ वर आणण्याची ही तजवीज आज बॅकस्लॅशच्या पोटात गुपचूप पार पडते. विद्यार्थ्याला तिची गंधवार्ताही नसते.

अशा पद्धतींचे बारकावे विल्किन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात लेखांमागून लेख लिहून अल्गॉल भाषेतील प्रोग्रामांसह प्रसिद्ध केले, आणि १९७१ साली विल्किन्सन व राइन्श यांनी ते एका ग्रंथात एकत्र केले. मग शिकागोनजीकच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्या प्रोग्रामांचे फोरट्रानमध्ये रूपांतर करून, निरनिराळ्या यंत्रांवर कसून तपासणी करून, ते सर्वांना उपलब्ध करण्याचे कार्य हाती घेतले. त्यांतून मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढणारा आइसपॅक हा संग्रह १९७० च्या दशकाच्या आरंभी निघाला, आणि डोंगारा, बंच, मोलर व स्ट्युअर्ट या चौघांनी रचलेला, समीकरणे सोडविणारा लिनपॅक हा संग्रह १९७९ साली. सरकारी पैशाने झालेले हे काम कोणाच्याही मालकीचे ठरले नाही. त्याच्या कर्त्यांनी एकेका उपप्रोग्रामवर घेतलेली मेहनत पाहिली म्हणजे, सार्वजनिक विहीर बांधणाऱ्या जुन्या दात्यांची आठवण होते. पाणी भरणाऱ्याने बांधणाऱ्याचे नाव विचारले नाही तरी पाणी गोडच लागते.

या चौघांतील क्लीव्ह मोलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठात, आल्बुकर्की येथे, अध्यापन करीत होते, आणि येथूनच आपल्या मुख्य विषयाला आरंभ होतो. त्यांचे गुरू स्टॅनफर्डचे जॉर्ज फोर्साइथ. संख्यात्मक गणित शिकविताना विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम दिला पाहिजे, या आग्रहाचे हे घराणे. गुरुशिष्यांनी १९६७ साली मिळून लिहिलेल्या पुस्तकात समीकरणे सोडविण्याचे प्रोग्राम निरनिराळ्या भाषांत छापलेले आहेत, ते याच आग्रहापायी. आता मोलर यांच्यापुढे अडचण उभी राहिली ती अशी, की लिनपॅक आणि आइसपॅक हे जगातील उत्तमोत्तम उपप्रोग्राम स्वतःच्याच हातचे असूनही वर्गातील विद्यार्थ्यांना ते वापरता येत नव्हते; कारण एक मॅट्रिक्स वाचून घेऊन एका उपप्रोग्रामच्या हवाली करायचा म्हटले, तरी फोरट्रानचा मुख्य प्रोग्राम लिहा, जागा राखा, संकलन करा, जोडणी करा, हा सगळा तगादा मागे लागे, आणि उदाहरण किंचित बदलले की पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता या संग्रहांचा लाभ मिळावा, एवढाच हेतू मनात धरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःच एक लहानशी भाषा रचायला घेतली. भाषा रचणे हा त्यांचा व्यवसाय नव्हे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निक्लाउस वीर्थ यांच्या पाठ्यपुस्तकात एका छोट्या भाषेच्या वाक्यांची फोड कशी करावी हे सोदाहरण दिलेले होते. ते वाचून, तीच रीत उचलून, या प्राध्यापकांनी फोरट्रानमध्ये पहिला मॅटलॅब लिहिला.

हा पहिला मॅटलॅब आज कोणी पाहिला तर त्याच्या साधेपणाने तो चकित होईल. त्यात वस्तूंचा प्रकार एकच: मॅट्रिक्स. एकटी संख्या म्हणजे एका ओळीचा व एका स्तंभाचा मॅट्रिक्स; तिच्यासाठी निराळी व्यवस्था नाही. १९८१ सालच्या आवृत्तीत सर्व आज्ञा व फंक्शने मिळून ७१, आणि त्यांची नावे जास्तीत जास्त चार अक्षरांची. मॅट्रिक्स लिहिण्यासाठी आजच्या चौकटी कंसांऐवजी टोकदार कंस. आलेख काढायचा तर कागदावर तारकाचिन्हांचे ठिपके. विद्यार्थ्याला एखादे नवे फंक्शन हवे असेल तर त्याने मोलर यांच्याकडून मूळ प्रोग्राम मागून घ्यावा, त्यात फोरट्रानचा उपप्रोग्राम जोडावा आणि सगळ्याचे पुन्हा संकलन करावे. म्हणजे प्रोग्राम-लेखनाची शाळा या अर्थाने ते साधन अजून अपुरेच होते. ती एक मॅट्रिक्सची गणकपाटी होती. परंतु जे दिले ते नेमके दिले. फोर्साइथ यांच्या परंपरेतला शिक्षक ज्या क्रमाने हा विषय फळ्यावर मांडतो, त्याच क्रमाने तो आता पडद्यावर मांडता येऊ लागला: मॅट्रिक्स लिहा, त्याचे निरसन करा, मूळ मॅट्रिक्सशी ताडून पाहा, एक आकडा बदला आणि पुन्हा पाहा. विचारणे आणि उत्तर मिळणे यांतील अंतर एका दिवसावरून एका क्षणावर आल्यामुळे प्रश्न विचारण्याची वृत्तीच पालटते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच होय. फोरट्रानच्या काळात विद्यार्थी संगणकाकडे जाई तो उत्तर आणायला. येथे तो प्रथमच तर्क करून पाहायला बसला.

१९७९-८० मध्ये मोलर पाहुणे प्राध्यापक म्हणून स्टॅनफर्डला गेले आणि तेथील संख्यात्मक विश्लेषणाच्या वर्गात त्यांनी हे साधन घरच्या अभ्यासासाठी दिले. वर्गात साधारण निम्मे विद्यार्थी गणित व संगणकशास्त्राचे होते, आणि त्यांना त्यात विशेष काही दिसले नाही. भाषा म्हणून ती तोकडी होती आणि तिच्यातील गणित त्यांना परिचित होते. उरलेले निम्मे अभियांत्रिकीचे. नियंत्रणशास्त्र आणि संकेतप्रक्रिया या विषयांत त्यांना रोजच मॅट्रिक्सशी गाठ पडे, आणि त्यांनी ते साधन पाहताक्षणी आपलेसे केले. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सारा विस्तार त्या दुसऱ्या निम्म्यांमुळे झाला. त्या वर्गातील एका विद्यार्थ्याकडून ही वार्ता जॅक लिटल या अभियंत्याच्या कानी गेली. १९८१ साली आय. बी. एम.चा व्यक्तिगत संगणक बाजारात आला होता, आणि या लहान यंत्रावर मॅटलॅब चालेल तर तो प्रत्येक अभियंत्याच्या मेजावर पोचेल हे लिटल यांनी इतरांच्या आधी ओळखले. नोकरी सोडून, स्टीव्ह बँगर्ट या सहकाऱ्याच्या मदतीने, सुमारे दीड वर्ष खपून त्यांनी सगळी प्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली. त्यात वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शने साध्या फायलीत लिहून ठेवण्याची सोय केली, आणि खऱ्या आलेखांची भर घातली. डिसेंबर १९८४ मध्ये मोलर, लिटल व बँगर्ट यांची मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच महिन्यात लास व्हेगास येथील नियंत्रणशास्त्राच्या परिषदेत तिने आपली कृती लोकांपुढे ठेवली. पुढल्या वर्षी पहिली मागणी आली ती मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी.तील निक ट्रेफेथन यांच्याकडून, १० प्रतींची. पहिले गिऱ्हाईकही शिक्षकच होते.

स्वतःची फंक्शने फायलीत लिहिता येऊ लागली त्या दिवशी गणकपाटीची शाळा झाली असे म्हणता येईल. नवशिक्याला प्रोग्रामची जी मूलतत्त्वे शिकायची असतात, म्हणजे चलाला मूल्य देणे, अट तपासणे, आवर्तन चालविणे, एक काम एका नावाखाली बंदिस्त करून पुन्हा पुन्हा बोलाविणे, ती सर्व येथे होती, आणि त्यांच्या जोडीला असे काही होते की जे इतर भाषांच्या पहिल्या धड्यात नसते: आवर्तन न लिहिता संपूर्ण स्तंभावर एकदम क्रिया करण्याची रीत. ही रीत आधी केनेथ आयव्हरसन यांच्या ए. पी. एल. या भाषेत फार सामर्थ्याने अवतरली होती. परंतु त्या भाषेची खास चिन्हे शिकणे हाच एक अभ्यास होऊन बसे, आणि सामान्य विद्यार्थी तिच्यापासून दूरच राहिला.

मूळचा फोरट्रानमधला मॅटलॅब मोलर यांनी मागेल त्याला दिला होता. नवा मॅटलॅब विकत घ्यावा लागे. कंपनीने त्यात ओतलेले श्रम पाहता यात गैर काही नाही, परंतु ज्या महाविद्यालयांची वर्षाची तरतूदच तुटपुंजी, त्यांच्या दृष्टीने परवान्याची किंमत हा मोठाच अडसर होता, आणि त्यामुळे निराळ्या वाटा निघणे अपरिहार्य होते. फ्रान्समध्ये इन्रिया या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मोलर यांच्या जुन्या फोरट्रान प्रतीवरून स्वतःची प्रणाली वाढविली होती. तिचेच पुढे १९९० च्या दशकात सायलॅब या नावाने मुक्त वाटप सुरू झाले. अमेरिकेतील ऑक्टेव्हची हकीगत तर थेट आल्बुकर्कीच्या वर्गाची आठवण करून देते. विस्कॉन्सिनचे जेम्स रॉलिंग्ज आणि टेक्सासचे जॉन एकर्ट हे रासायनिक अभियांत्रिकीचे दोन प्राध्यापक रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवर पाठ्यपुस्तक लिहीत होते, आणि त्यांना आढळले की विद्यार्थ्यांचा वेळ अभिक्रियेचा विचार करण्यापेक्षा फोरट्रानमधील चुका निस्तरण्यातच अधिक जातो. म्हणून पुस्तकाच्या जोडीला एक सोपी प्रणाली द्यावी असा विचार १९८८ च्या सुमारास निघाला. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ते काम पूर्ण वेळ हाती घेतले आणि १९९४ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध केली. ऑक्टेव्ह हे नाव त्यांनी दिले ते आपले एके काळचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्या आदरार्थ, जे कागदाच्या चिठोऱ्यावर झटपट अंदाजी उत्तर काढण्याबद्दल विद्यार्थ्यांत प्रसिद्ध होते.

आणि रासायनिक अभियांत्रिकीचाच तिसरा प्राध्यापक या कथेत पवईला भेटतो. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी आय. आय. टी. मुंबईत नियंत्रणशास्त्र शिकविताना सायलॅबचा पुरस्कार केला, आणि केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून मिळालेल्या अनुदानावर फॉसी हा प्रकल्प उभा राहिला. त्यातील पाठ्यपुस्तक-सोबती ही कल्पना मला विशेष लक्षणीय वाटते. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील एक प्रमाणग्रंथ निवडावा, त्यात सोडवून दाखविलेली सर्व उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढावीत, पुस्तकातील उत्तराशी ताडून पाहावीत, आणि तपासणीनंतर ती कोणालाही वापरता येतील अशी जाहीर व्हावीत, त्याबद्दल त्या विद्यार्थ्याला मानधनही मिळावे, असा तो बंदोबस्त होता. मोठा प्रोग्राम लिहिण्याचा आव न आणता, जे उदाहरण आपण परीक्षेसाठी हाताने सोडविले तेच यंत्राकडून सोडवून घेण्यात नवशिक्याला दोन्हींचे ज्ञान होते. उष्मागतिकीच्या एका उदाहरणात एकक बदलायचे राहून गेले की उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, आणि ते का जुळत नाही हे शोधता शोधता विषयही समजतो आणि प्रोग्रामही.

त्याच संस्थेतील स्पोकन ट्युटोरिअल या दुसऱ्या प्रकल्पाने भाषेच्या अडसराला हात घातला. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावर प्रणाली उघडलेली, एकेक आज्ञा लिहिली जात आहे, आणि निवेदन मात्र मराठीत, किंवा हिंदीत, तमिळमध्ये, बंगालीत. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सायलॅब उघडून ठेवायचे, निवेदक जे करील तेच थांबून थांबून स्वतः करायचे. आज्ञा इंग्रजीच राहतात, मॅट्रिक्स आणि फंक्शन हे शब्दही तसेच राहतात, परंतु "आता आपण असे का केले" हे वाक्य मराठीत कानी पडते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे पहिले सत्र कसे जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही. तेथे बुद्धीची उणीव नसते. चूक कोठे झाली हे सांगणारी इंग्रजी ओळ वाचून धीर सुटतो, आणि धीर सुटला की प्रोग्राम हा आपला प्रांत नव्हे अशी समजूत कायमची घर करते.

गेल्या काही वर्षांत पायथन या भाषेने आणि तिच्या नमपाय या संग्रहाने हेच कार्य मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आहे, आणि नव्या अभ्यासक्रमांतून मॅटलॅबच्या जागी पायथन येत आहे. तो बदल येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही, कारण स्तंभांवर एकदम क्रिया करणे, प्रॉम्प्टपुढे बसून विचारत जाणे आणि क्षणात आलेख काढणे ही तिन्ही वळणे त्याने याच घराण्याकडून घेतली आहेत. अध्यापनाचा एक प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच उरतो. समीकरणे एका चिन्हाने सुटतात म्हणून विद्यार्थ्याने निरसन स्वतः कधीच लिहू नये काय? माझे मत स्पष्ट आहे: त्याने ते एकदा तरी, तीन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी का होईना, स्वतःच्या आवर्तनांनी लिहावे, वर दिलेल्या दोन समीकरणांतील ०.०००१ च्या जागी त्याहून कितीतरी लहान संख्या घालून आपला प्रोग्राम कोठे फसतो ते पाहावे, आणि मग बॅकस्लॅशचे उत्तर त्याच्या शेजारी ठेवावे. ज्याने हे केले त्याला विल्किन्सन यांच्या वीस वर्षांचा अर्थ एका दुपारी कळेल.

आणि पहिल्याच आठवड्यात काही हलके द्यायचे असेल तर महाराष्ट्रातील शिक्षकाला दूर जावे लागत नाही. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकविणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म शोधला, तो आज जगभरच्या नवशिक्यांच्या सरावाचा विषय आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरातून तो सर्वदूर पोचविला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या संख्येवर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा होऊन ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४, आणि येथून पुढे संख्या हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन ठेपते. हा प्रोग्राम लिहिताना चल, क्रमवारी, आवर्तन आणि थांबण्याची अट ही सर्व मूलतत्त्वे अनायासे हाताखालून जातात, आणि एक खाचही वाटेत येते: १००० पासून आरंभ केला तर पहिलीच वजाबाकी ९९९ येते, आणि ज्याने संख्येचे अंक सुटे करताना आरंभीचे शून्य सांभाळलेले नाही त्याचा प्रोग्राम ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर जाऊन बसतो. ते शून्य जपले की ९९९० मधून ०९९९ जाऊन ८९९१, आणि पुढे ८०८२, ८५३२, ६१७४ असा क्रम नीट लागतो. हे एका संख्येसाठी साधले, की शिक्षकाने पुढचे काम द्यावे: चार अंकी सर्व संख्या एकाच मॅट्रिक्समध्ये ओळीओळीने मांडून, एकेका ओळीत एकेका संख्येचे चार अंक ठेवून, सर्वांची क्रमवारी आणि वजाबाकी एकदमच करवून घ्यावी, आणि कोणत्या संख्येला किती पायऱ्या लागतात त्याचा आलेख काढावा.